बाजाराच्या गाडीवर सूर्याची वीज : लवचिक पॅनल घ्यावे की काचेचे?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत आठवडी बाजारावर पोट असलेल्या व्यापाऱ्यांची संख्या मोठी आहे. कापड, बांगड्या, चपला, भांडी, कांदा-लसूण, मसाला असा माल गाडीत भरायचा आणि आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा बाजार करायचा, हा त्यांचा क्रम. आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता सुमारे ६५ किलोमीटरचा. बराचसा जंगलातून जातो. बाजार उठेपर्यंत दिवस कलतो आणि मालाने भरलेली गाडी घेऊन रात्रीच्या वेळी जंगलातून परतणे पुष्कळांना सोयीचे नसते. मग गाडीतच पथारी पडते. गाडी हेच दुकान, हेच गोदाम आणि हेच घर होते.

अशा गाडीत वीज कोठून आणायची हा रोजचा प्रश्न आहे. गाडीच्या बॅटरीवर दिवा-पंखा लावला तर सकाळी सेल्फ मारत नाही आणि चार माणसे धक्क्याला बोलवावी लागतात. छोटा जनरेटर ठेवला तर डिझेल-पेट्रोल, आवाज आणि धूर. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे, पण बाजाराच्या मैदानात उभ्या असलेल्या गाडीला त्याचा काय उपयोग? त्यामुळे अलीकडे गाडीच्या छतावर सौर पॅनल लावण्याकडे लोकांचे लक्ष गेले आहे. त्यातही कागदासारखे पातळ, वाकणारे, 'चिकटवले की झाले' अशा जाहिरातीचे लवचिक पॅनल अनेकांना भुरळ घालते. ते घ्यावे का, कसे बसवावे, आणि आपल्या वायरिंग मिस्त्रींना, बॉडी बांधणाऱ्यांना व कुशनवाल्यांना यात काय काम आहे, याचा हिशेब येथे मांडत आहोत.

हे नवे खूळ नाही

गाडीच्या टपावर पॅनल ही कल्पना आपल्या देशात आता रुळलेली आहे. जुलै २०१७ मध्ये भारतीय रेल्वेने दिल्लीत एका डेमू गाडीच्या डब्यांवर पॅनल बसवले. दर डब्यावर ३०० वॅटची १६ पॅनल होती आणि त्यावर डब्यातले दिवे व पंखे चालत. त्याच वर्षी जानेवारीत केरळात वायकम ते तवनकडवू या जलमार्गावर ७५ उतारूंची 'आदित्य' ही सौर बोट सुरू झाली. पुण्याच्या वायवे मोबिलिटी या कंपनीने २०२३ च्या ऑटो एक्स्पोमध्ये 'ईवा' नावाची छोटी विजेवरची मोटार दाखवली, तिच्याही छतावर पॅनल आहे.

परदेशातले एक उदाहरण आपल्या कामाचे आहे. हॉलंडमधील आइंडहोव्हन येथील विद्यार्थ्यांनी २०२१ मध्ये 'स्टेला व्हिटा' नावाची राहण्याची गाडी बांधली आणि ती सूर्याच्या विजेवर स्पेनच्या दक्षिण टोकापर्यंत नेली. या गाडीच्या छतावर ८.८ चौरस मीटर पॅनल आहे. गाडी उभी केली की छत उचलून पंखांसारखे पसरते आणि क्षेत्र १७.५ चौरस मीटर होते. उभ्या गाडीचे पॅनल चालत्या गाडीच्या पॅनलपेक्षा वेगळ्या तऱ्हेने वापरता येते, ही त्यातली गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आपल्याला मात्र गाडी विजेवर पळवायची नाही. गाडी डिझेलवरच चालेल. आपल्याला हवे आहेत चार दिवे, एक पंखा, मोबाइल, काटा आणि जमल्यास शिलाई मशीन. हे काम एक-दोन पॅनलमध्ये होते.

दोन्ही मालांत फरक काय

नेहमीच्या पॅनलमध्ये वर सुमारे तीन मिलिमीटरची कडक काच, मधे सिलिकॉनचे सेल आणि भोवती ॲल्युमिनियमची चौकट असते. शंभर वॅटचे असे पॅनल सात-आठ किलो भरते. लवचिक पॅनलमध्ये सेल बहुधा तेच असतात, फक्त काच आणि चौकट काढून टाकलेली असते. वर-खाली प्लॅस्टिकचे थर. जाडी जेमतेम तीन मिलिमीटर आणि वजन सुमारे दोन किलो. वजन आणि उंची या दोन गोष्टींत लवचिक माल निर्विवाद सरस आहे.

पण 'लवचिक' या शब्दाने फसू नये. प्लॅस्टिक वाकते, आतला सिलिकॉनचा सेल काचेसारखा ठिसूळच असतो. बहुतेक कंपन्या सुमारे ३० अंशांपर्यंतच बाक चालेल असे लिहून देतात. त्याहून वाकवले, वर पाय दिला, गुडघा टेकला किंवा पोते आपटले की सेलला केसासारखी चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही. वीज मात्र कमी होते आणि चिरेच्या जागी सेल तापू लागतो. जास्त तापला तर प्लॅस्टिक करपते आणि खालचा रंगही जळतो. पॅनल ताडपत्रीवर असेल तर धोका आणखी मोठा. म्हणून वर्षातून दोनदा तरी पॅनलचा पृष्ठभाग नीट पाहावा. तपकिरी डाग, फुगा किंवा जळल्याची खूण दिसली तर ते पॅनल त्याच दिवशी तोडून बाजूला ठेवावे.

लवचिक मालातही दोन प्रती आहेत. वरचा थर 'पेट' या साध्या प्लॅस्टिकचा असेल तर उन्हाने तो लवकर पिवळा व धुरकट होतो. 'ईटीएफई' नावाच्या थराचा माल महाग असतो, पण उन्हात बराच जास्त टिकतो. सेलच्या पाठीवर तांब्याचा थर असलेला मालही मिळतो. त्यात सेलला चीर गेली तरी वीज वाहत राहते. दुकानदाराला या दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. त्याला सांगता येत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

टिकाऊपणाचा हिशेब असा. काचेच्या पॅनलला चांगल्या कंपन्या २५ वर्षांपर्यंत वीज देण्याची हमी देतात. लवचिक मालाची हमी बहुधा एक ते पाच वर्षांची असते. भाव पाहिला तर दर वॅटमागे लवचिक माल काचेच्या मालाच्या दुप्पट किंवा त्याहूनही महाग पडतो. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी टिकणारी वस्तू घ्यायची. त्यासाठी सबळ कारण हवे.

आपल्याकडची खरी अडचण : उष्णता

पॅनलवर जे शंभर वॅट लिहिलेले असतात ते प्रयोगशाळेतले, सेलचे तापमान २५ अंश असतानाचे. सेल त्याहून जसजसा तापतो तसतशी वीज घटते. साधारणपणे दर अंशाला ०.४ टक्के धरावे. ब्रह्मपुरी-चंद्रपूर भागात मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या वर जाते. अशा वेळी पत्र्याच्या टपाला सपाट चिकटवलेल्या पॅनलचा सेल ७५ अंशांना सहज पोहोचतो. ५० अंशांचा फरक, गुणिले ०.४, म्हणजे २० टक्के वीज कमी. शंभराचे पॅनल ऐन दुपारी ८० देते. चिकटवणारा पदार्थ आणि प्लॅस्टिकही त्या तापाने लवकर म्हातारे होतात.

काचेचे पॅनल टपापासून चार-पाच सेंटिमीटर उंच बसवले की खालून वारा वाहतो आणि सेल थोडा थंड राहतो. शिवाय त्याची सावली टपावर पडून गाडीच्या आतलाही ताप कमी होतो. जो माणूस दुपारी गाडीत दोन घटका पडतो त्याला याची किंमत कळेल. लवचिक पॅनल पत्र्याला चिकटवले तर उलट पॅनलचा ताप थेट पत्र्यात उतरतो.

यावर एक उपाय आहे. लवचिक पॅनल आधी पोकळ पॉलिकार्बोनेट शीटवर, म्हणजे शेडवर घालतात त्या नळीदार पारदर्शक शीटवर बसवावे आणि मग ती शीट टपावर बसवावी. शीटच्या नळ्या गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवाव्यात आणि टोके उघडी ठेवावीत, म्हणजे त्यांतून वारा जातो. यात आणखी एक फायदा आहे. पॅनल बिघडले तर शीटसकट काढता येते, टपाचा रंग सोलावा लागत नाही.

सूर्य कोठे असतो

भामरागड साधारण साडेएकोणीस अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे टपावर सपाट ठेवलेल्या पॅनलला तेव्हा काही उणे नाही. डिसेंबरात मात्र दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर येतो. सपाट पॅनलला तेव्हा ऐन दुपारीही पाऊण हिश्शाच्या आत-बाहेरच ऊन मिळते. आणि बाजाराचा, जत्रांचा खरा हंगाम तर हिवाळ्यातच असतो.

दुसरी गोष्ट सावलीची. पॅनलमधले ३२-३६ सेल एका माळेत जोडलेले असतात. नळाच्या पाइपवर एका जागी पाय ठेवला की सगळे पाणी अडते, तसे एका सेलवर सावली पडली की माळेतली वीज अडते. कॅरिअरचा दांडा, टपावरची स्टेपनी, शिडी, बाजूची फांदी यांची हातभर सावलीही अर्धी वीज खाऊन टाकते. म्हणून पॅनलची जागा ठरवण्यापूर्वी गाडी उन्हात उभी करून सकाळी नऊ, दुपारी बारा आणि दुपारी तीन वाजता टपावरच्या सावल्या खडूने आखाव्यात. खडूच्या रेघांबाहेर जी जागा उरेल ती पॅनलची.

माल टपावर की पॅनल टपावर?

जंगल भागातल्या बाजाराच्या गाडीला एक अडचण आहे जी परदेशी सहलीच्या गाड्यांना नाही. आपण टपावरही माल बांधतो. पोती, गाठोडी, कधी सायकल, कधी माणसेसुद्धा. जेथे माल चढतो तेथे पॅनल टिकणार नाही, मग ते काचेचे असो की लवचिक. त्यातून रस्त्याच्या कडेचे बांबू आणि झुकलेल्या फांद्या टपाला घासतात. काच हे घासणे सोसते, प्लॅस्टिकवर मात्र ओरखडे पडतात.

म्हणून गाडीप्रमाणे निवड करावी.

टप सपाट, मजबूत आणि रिकामा असेल, तर काचेचे पॅनल कॅरिअरवर चौकटीत बसवावे. स्वस्त, टिकाऊ आणि थंड.

टपाला गोल बाक असेल, किंवा उंची वाढवणे परवडत नसेल, किंवा फायबरचा टप वजन घेत नसेल, तरच लवचिक पॅनल पोकळ शीटवर बसवावे.

वर ताडपत्रीचा हूड असेल तर लवचिक पॅनल हूडच्या कमानींच्या वर, आधारासाठी पातळ पट्टी देऊन, डोळ्यांतून दोरीने बांधावे. दोन कमानींच्या मधे झोळीसारखे लोंबू देऊ नये. खड्ड्याखड्ड्यांवर ते वर-खाली होऊन सेल तुटतात.

टपावर माल चढतच असेल तर पॅनल टपावर कायमचे बसवूच नये. घडीचे पॅनल किंवा कॅन्व्हासवर शिवलेले लवचिक पॅनल गाडीत ठेवावे आणि बाजारात पोहोचल्यावर बाहेर काढावे.

शेवटची पद्धत बाजारकरूंसाठी पुष्कळदा सर्वांत फायद्याची ठरते. स्टेला व्हिटाच्या पसरणाऱ्या छतामागचे तत्त्व हेच. गाडी आणि माल झाडाच्या सावलीत उभा करावा आणि पॅनल दहा मीटर वायरीने उन्हात ठेवावे. ते सूर्याकडे तिरपे करता येते, त्यामुळे हिवाळ्यातली सपाट पॅनलची तूट भरून निघते. खालून वारा लागतो. वाटेत फांद्या लागत नाहीत. तोटा दोनच : रोज काढा-घाला करावी लागते आणि नजर ठेवावी लागते.

किती वॅट घ्यावे

आधी खर्च मोजावा, मग पॅनल घ्यावे. पुष्कळ लोक उलटे करतात.

समजा नऊ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास लागले, तर १८० वॅट-तास. वीस वॅटचा बारा व्होल्टचा पंखा आठ तास, १६०. तीन मोबाइल, ४५. इलेक्ट्रॉनिक काटा, छोटा भोंगा वगैरे मिळून ४०. एकूण ४२५ वॅट-तास झाले.

आता जमा बाजू. २०० वॅटचे पॅनल, उघडिपीच्या दिवसांत पाच तासांचे भरपूर ऊन, आणि उष्णता, धूळ, वायर, बॅटरी यांची तूट वजा जाता ६५ टक्के. २०० गुणिले ५ गुणिले ०.६५ म्हणजे ६५० वॅट-तास. खर्च भागून शिल्लक राहते. डिसेंबरात सपाट पॅनलसाठी चार तास धरले तर ५२०, तरीही भागते. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी दोनच तास धरावेत. जमा २६० आणि खर्च ४२५, म्हणजे रोज १६५ ची तूट.

पावसाळ्याचा हा आकडा भामरागडच्या वाटेवर फार महत्त्वाचा आहे. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्यांच्या संगमावरचे हे गाव. पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावर पाणी चढून गावाचा संपर्क तुटण्याचे प्रसंग पावसाळ्यात पुनःपुन्हा आले आहेत. अशा वेळी गाडी अलीकडे किंवा पलीकडे दोन-तीन दिवस अडकते, ऊन नसते आणि फोन चालू राहणे सर्वांत गरजेचे असते. म्हणून बॅटरी एका रात्रीच्या हिशेबाने घेऊ नये.

बारा व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या ॲसिड बॅटरीत १२०० वॅट-तास असतात, पण निम्म्याहून जास्त वापरली की तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाती ६०० येतात. तेवढ्याच आकाराची लिथियम-फॉस्फेट बॅटरी ८० टक्के वापरता येते. सुमारे १००० वॅट-तास मिळतात आणि वजनही निम्म्याहून कमी असते. ती महाग असते, पण जास्त वेळा भरते-रिकामी होते. ज्याला गाडीत झोपायचे आहे त्याने आणखी एक गोष्ट पाहावी. चार्ज होताना ॲसिड बॅटरीतून पेट घेणारा वायू सुटतो. ती झोपण्याच्या जागेत ठेवू नये, बाहेरच्या पेटीत ठेवावी.

शिलाई कामगारांनी वेगळा हिशेब करावा. मशीनची छोटी मोटर साधारण १०० वॅटची. तीन तासांचे ३०० वॅट-तास, वर इन्व्हर्टरची तूट. वरच्या खर्चात हे घातले तर २०० ऐवजी ३०० वॅटचे पॅनल घ्यावे लागेल. विजेची इस्त्री, शेगडी आणि मिक्सर यांचा नाद या पद्धतीत करू नये. एक हजार वॅटची इस्त्री अर्धा तास चालली तरी ५०० वॅट-तास जातात, म्हणजे दिवे-पंख्यासकट सगळ्या रात्रीची वीज.

रोज गाडी चालत असेल तर

एक गोष्ट पॅनल विकणारे सहसा सांगत नाहीत. गाडी चालताना तिचा अल्टरनेटर वीज बनवतच असतो. मधे डीसी-टू-डीसी चार्जर बसवला तर दुसऱ्या बॅटरीत २० अँपिअर सहज भरता येतात. दोन तासांच्या प्रवासात ४० अँपिअर-अवर, म्हणजे सुमारे ५०० वॅट-तास. वरचा दिवसाचा सगळा खर्च भागला! ज्याची गाडी रोज दोन तास चालते त्याने आधी हा चार्जर बसवावा. पॅनलचे खरे काम उभ्या गाडीत आहे : जत्रेत आठवडाभर मुक्काम, पुरात अडकलेले दिवस, बिघडलेली गाडी. जमल्यास दोन्ही ठेवावे, पण पॅनल लहान घेतले तरी चालेल.

मिस्त्रींसाठी : बसवण्याची रीत

टप आधी गंजमुक्त आणि तेलमुक्त करावा. चिकटवण आपल्या खालच्या रंगाइतकेच मजबूत असते. रंग सुटला तर पॅनल रंगासकट जाते. पॉलियुरेथेनचे सीलंट वापरावे, किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम पट्टी आणि कडेने सीलंट असे दोन्ही. पुढची कड पूर्ण बंद असावी. ताशी ८० किलोमीटर वेगात अर्ध्या चौरस मीटरच्या पॅनलखाली वारा शिरला तर तो १५ किलोच्या आसपास जोराने पॅनल उचलतो. एकदा कड सुटली की पुढे किती वेळ लागणार?

पॅनल ते बॅटरी वायर जाड असावी. पाच मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर वायर. ११ अँपिअरला अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत पाऊण व्होल्ट वाया जातो, सहाच्या तारेत त्याच्या निम्म्याहून कमी. बारा व्होल्टच्या कामात पाऊण व्होल्ट थोडका नव्हे. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. फ्यूजशिवाय दिलेले काम हे काम नव्हे, आगीची तयारी आहे. पत्र्यातून वायर आत घेताना रबरी ग्रंथी लावावी आणि वायरीला बाहेर खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी त्यावरून गळून जाते.

पॅनल थेट बॅटरीला कधीही जोडू नये. शंभर वॅटचे 'बारा व्होल्टचे' पॅनल मोकळे असताना २० व्होल्टच्या वर दाखवते, ते बॅटरी उकळून टाकते. मधे चार्ज कंट्रोलर हवा. साधा पीडब्ल्यूएम स्वस्त असतो. एमपीपीटी महाग, पण जास्त वीज काढतो आणि दोन पॅनल एका माळेत जोडू देतो, त्यामुळे वायरीत तूट कमी होते. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी आणि मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. काम चालू असताना पॅनलवर चादर टाकावी, कारण ऊन आहे तोवर त्यात वीज आहे, त्याला बटण नाही.

फसवणूक कशी ओळखावी

स्वस्त मालावर मनाला येईल ते वॅट छापलेले असतात. ओळखण्याची सोपी खूण ही : भर उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडते आणि चांगला सेल त्याचे २० ते २२ टक्के विजेत बदलतो. म्हणजे एक चौरस मीटर पॅनलमधून २०० ते २२० वॅट, त्यापुढे फार नाही. मेजपट्टीने लांबी-रुंदी मोजा. एक मीटर गुणिले अर्ध्या मीटरच्या पॅनलवर '३०० वॅट' लिहिले असेल तर ते खोटे आहे. ते शंभराचेच आहे. डीसी मोजणारा मीटर असलेला मिस्त्री दुपारच्या उन्हात दोन मिनिटांत अँपिअर तपासून देऊ शकतो. १०० वॅटच्या पॅनलला स्वच्छ दुपारी पाच अँपिअरच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. पैसे देण्यापूर्वी ही चाचणी मागावी.

पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर पॅनलवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बॅटरीला मात्र १८ टक्के लागतो. बिलात दोन्ही दर वेगळे दाखवलेले असावेत. फेब्रुवारी २०२४ च्या 'पीएम सूर्यघर' योजनेचे अनुदान घराच्या छतावरच्या, वीज मंडळाच्या तारेला जोडलेल्या पॅनलसाठी आहे. गाडीवरच्या पॅनलला ते मिळवून देतो असे कोणी म्हणाले तर त्याला पैसे देऊ नयेत.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या पुस्तकातल्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळातल्या एका प्रकरणात हीच बाजू उचलून धरली. सुटे किंवा दोरीने बांधलेले पॅनल हा मालाचा प्रकार आहे, पण टप कापणे, उंची वाढवणे, मालगाडीला राहण्याची गाडी बनवणे हे बदल होत. असे काम हाती घेण्यापूर्वी गाडी एमएच-३३ ची असेल तर गडचिरोलीच्या आणि एमएच-३४ ची असेल तर चंद्रपूरच्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारावे. विमा कंपनीलाही दुसरी बॅटरी व पॅनल बसवल्याचे कळवावे. उद्या आग लागली तर 'आम्हाला माहीत नव्हते' हे उत्तर तेथे चालत नाही.

कारागिरांना यात काय आहे

हे काम एकट्या मिस्त्रीचे नाही. चौकट वेल्डिंगवाला करील, कॅन्व्हासवर पॅनल शिवून त्याला पितळी डोळे कुशनवाला लावील, वायरिंग ऑटो इलेक्ट्रिशियन करील. तिघांच्या हातात कला आधीच आहे, फक्त डीसी विजेचा हिशेब शिकून घ्यायला हवा. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा 'सूर्यमित्र' हा प्रशिक्षणक्रम २०१५ साली सुरू झाला. शिकलेल्या तरुणांनी अशा वर्गांची चौकशी जवळच्या आयटीआयमध्ये करावी. घरातले उस्ताद आणि शिकलेला मुलगा यांनी मिळून हे काम उभे केले तर बरकत आहे.

सुरुवात मात्र सचोटीने व्हावी. गिऱ्हाईक लवचिक पॅनल मागत आले आणि त्याचा टप सपाट व रिकामा असेल, तर त्याला काचेचेच घ्यायला सांगावे. नफा थोडा कमी होईल, पण दोन वर्षांनी डाग पडलेले पॅनल घेऊन तो दारात उभा राहणार नाही. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या आतच काम उरकावे. सीलंटला सुकायला कोरडे दिवस लागतात, आणि आपले काम पक्के आहे की नाही हे पहिल्या पावसात गाडीच्या आत पाणी आले की नाही यावरून कळते.